होडी किनाऱ्याला लागेपर्यंत

नोकरीतून निवृत्त झाल्यावर अकोल्याच्या मनकर्णाबाई गावोगावी गोधडी शिवायला शिकवत हिंडायच्या. त्या दिवशी परतवाड्याहून सेमाडोहला जाताना बसमध्ये त्यांनी कादंबरी उघडली. खिडकीबाहेर सागाचं जंगल सरकत होतं आणि पुस्तकातली मुलगी होडी घेऊन एकटीच समुद्रात निघाली होती.

सेमाडोहला शिकवता शिकवता त्यांनी ती गोष्ट तिथल्या बायकांना सांगितली. त्यांच्यातल्या सुगंतीची सुई थांबली.

"बाई, मंग थे पोरगी किनाऱ्याले लागली का?"

"मले काय मालूम? तेवढंच वाचलं म्या."

"मंग वाचा ना! आमी शिवतो."

मनकर्णाबाई वाचू लागल्या. गोधडीवर टाके संथ लाटांसारखे पुढे जात राहिले. परतीच्या शेवटच्या बसचा हॉर्न त्यांना स्पष्ट ऐकू आला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पान उलटलं.