बाग बंद करायची रीत

पन्नाशी ओलांडल्यावर मावशी मोबाइलवरचे खेळ काढणाऱ्या कंपनीत नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांच्या नवऱ्याला हसू आवरेना. "तू? खेळांच्या कंपनीत? अगं, तुला साधा पत्त्यांचा डाव धड लावता येत नाही!"

"मला खेळायला नाही बोलावलेलं," मावशी म्हणाल्या. "ऐकून घ्यायला बोलावलंय."

ऐकून घेण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याआधीची एकोणीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीमागे काढली होती. नळ कोरडा पडला, गढूळ पाणी आलं, की लोक तणतणत यायचे आणि समोर दिसेल त्या माणसावर तोंडसुख घ्यायचे. समोर दिसायच्या त्या मावशी. पुढे खिडकी बंद झाली, तक्रारी फोनवर गेल्या आणि मावशी घरी बसल्या. वर्षभराने ही नोकरी चालून आली.

चौथ्या मजल्यावर एक लांबलचक टेबल, त्यावर बारा कॉम्प्युटर आणि मावशी सोडल्या तर सगळी पंचविशीतली मंडळी. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी त्यांना मावशी करून टाकलं. कंपनीचा खेळ होता बागेचा. मोबाइलवर फुलझाडं लावायची, वाढवायची आणि आपण जोडलेल्या शेजाऱ्याच्या बागेला रोज पाणी घालायचं. हा शेजारी जगाच्या पाठीवर कुठेही असू शके. पाणी ज्याची बाग त्याच्याच टाकीतून जाई. ही टाकी दर महिन्याला विकत घ्यावी लागे, पण किंमत इतकी किरकोळ की कुणी दोनदा विचार करत नसे.

एका सोमवारी मावशी कामावर आल्या आणि कॉम्प्युटर उघडताच त्यांचे डोळे विस्फारले. एरवी सकाळी खेळणाऱ्यांची चाळीसएक पत्रं असायची. आज चार हजार. रातोरात टाकीची किंमत तिप्पट झाली होती आणि कुणाला एका ओळीनेही कळवलेलं नव्हतं.

लोकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कुणी चोर म्हटलं, कुणी दरोडेखोर. एकाने नुसतं "का?" एवढंच लिहून तीसदा पाठवलं होतं. एका शिक्षिकेने कंपनीच्या जाहिरातीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून, वर "भाव वाढवण्याआधी भाषा सुधारा" असा शेरा मारला होता. तो वाचून मावशींना खुदकन हसू आलं.

उत्तर वरून तयार होऊन आलं होतं. "आपल्या भावना आम्ही समजतो. उत्तम सेवेसाठी हा बदल आवश्यक होता." मावशी तेच उत्तर डकवत राहिल्या. दुपारपर्यंत त्यांनी दोनशे जणांच्या भावना समजून घेतल्या होत्या आणि त्यांची त्यांनाच लाज वाटायला लागली होती.

जेवणाची सुट्टी संपल्यावर त्यांनी उघडलेलं पहिलंच पत्र वेगळं होतं. लिहिणारा बोटीवरचा निवृत्त स्वयंपाकी होता.

"नवी किंमत मला झेपणार नाही. त्याबद्दल तक्रार नाही. माझी शेजारीण म्हणजे माझी मुलगी. ती लांब असते. आम्ही फोनवर फारसं बोलत नाही, पहिल्यापासूनच नाही. पण ती सकाळी माझ्या बागेत पाणी घालते, मी संध्याकाळी तिच्या. म्हणजे दोघं ठीक आहोत. आता माझी टाकी संपली की माझी झाडं वाळतील. ती तिला तशी दिसू नयेत. तर बाग नीट बंद करायची रीत काय, तेवढं कळवावं."

मावशींनी पत्र दोनदा वाचलं. तयार उत्तर डकवायला हात धजेना. त्यांनी ते कागदावर छापून घेतलं आणि उठून सरळ भाव ठरवणाऱ्या साहेबांच्या काचेच्या खोलीत गेल्या.

साहेब तिशीतले, सभ्य, पण पडद्यावरून नजर न काढणारे. "मावशी, घाबरू नका. आरडाओरडा होणारच. चार दिवसांत थंड होतात सगळे."

"ओरडणाऱ्यांचं नाही म्हणत मी, साहेब. ते राहतात. माझ्या खिडकीवर जो टेबल आपटायचा ना, तो पुढच्या महिन्यात हटकून परत यायचा. त्याला वाटायचं, आपलं कुणीतरी ऐकेल. जो काही न बोलता कागद घडी करून खिशात ठेवायचा, तो पुन्हा दिसायचा नाही. तुम्ही न ओरडणारे मोजलेत का?"

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. मग पत्र हातात घेऊन वाचलं.

"भाव वाढल्यापासून किती जणांनी बाग उघडलीच नाही, ते बघतो," ते म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांनी मावशींना बोलावून आकडा दाखवला. पत्र लिहिणारे चार हजार होते. एक अक्षरही न लिहिता गेलेले एकतीस हजार.

किंमत पूर्ववत झाली नाही. कंपनीला खर्च होते आणि वरचे लोक तेवढ्यापुरतेच वाकले. वाढ निम्म्यावर आली. शेजाऱ्याला पाणी घालणं मात्र कायमचं फुकट झालं, म्हणजे एकाची टाकी रिकामी असली तरी दुसरा त्याची झाडं जगवू शकेल. माफीचं पत्र साहेबांनी मावशींकडून लिहून घेतलं. त्यात "आवश्यक" आणि "सेवा" हे दोन्ही शब्द नव्हते. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चुकलं," अशी सुरुवात होती. बरेच लोक परतले, बरेच नाही.

स्वयंपाक्याला मावशींनी वेगळं लिहिलं. उत्तर आठवड्याने आलं.

"आभारी आहे. मध्यंतरी टाकी संपली आणि झाडं वाळलीच. ती बघून मुलीने घाबरून फोन केला. मला वाटलं, दोन मिनिटांत ठेवेल. पाऊण तास बोललो. निम्मा वेळ दोघंही गप्पच होतो, पण फोन कुणी ठेवला नाही. आता ती रविवारी करते. मला खेळात आता गोडी उरली नाही, पण तिला आहे. माझी बाग तिच्या नावावर करता येईल का?"

तशी सोय खेळात नव्हती. मावशींनी साहेबांना विचारलं, साहेबांनी प्रोग्रामरला गळ घातली, आणि तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर ते काम झालं. वाळलेल्या झाडांसकट बाग मुलीच्या नावावर गेली.