चुका हेरणारे चाचा

नव्वदच्या दशकात आखातातल्या करामा वस्तीत जुन्या कॉमिक्सचं दुकान चालवणारे रत्नागिरीचे एक चाचा होते. सुपरहिरोंच्या टोळीचा अंक उघडून ते मला म्हणायचे, "बेटा, ह्याची जखम मागच्या पानावर डाव्या गालावर होती. आता बघ, उजव्यावर." गर्दीत चित्रकाराने लपवलेले जुन्या अंकांतले चेहरेही ते बोटाने दाखवायचे. तेव्हा त्यांची पापणी लवत नसे.

एका शुक्रवारी बाबा नेहमीप्रमाणे मला न्यायला आले. आम्ही निघालो, तर कधीही दुकान न सोडणारे चाचा मागोमाग रस्त्यावर आले.

"साहेब, तीन शुक्रवार तुम्ही दार डाव्या हाताने उघडताय. आधी उजव्याने उघडायचात. आज तोंडपण वाकडं दिसतंय. आत्ताच डॉक्टरकडे जा, यल्ला, चला लवकर!"

बाबा हसले, पण मी हट्टाने त्यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर अर्धं अंग गेलं असतं.

बाबा बरे झाल्यावर मी आभार मानायला गेले. चाचा नुसतेच हसले. मग त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली आणि तिथेच राहिली. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी घाईने बाहेर पडले.

ते काय सांगणार होते, हे विचारायला मी कधीच गेले नाही.