सरांच्या रेंजवर होय महाराजा

मालवणात आमची एअर पिस्तूलची रेंज म्हणजे काजू फॅक्टरीची बंद पडलेली शेड. तिथे मी नेम शिकायला गेलो आणि किस्से घेऊन परत आलो. नेम अजून यायचाय!

आमचे कोच फर्नांडिस सर, शाळेतले रिटायर्ड पीटी टीचर. पहिला महिना त्यांनी पिस्तूल दाखवलंसुद्धा नाही. पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरायची, बस. आमच्यातली तारकर्लीची ज्योती घरीही तशीच उभी राहायची. तिचे वडील होडीवाले. ते वैतागून म्हणाले, "पिवचा नाय तर बाटली कित्याक धरलंस गो?"

रेंजच्या उद्घाटनाला एक पुढारी आले. पिस्तूल हातात घेऊन ते ऐटीत फोटोग्राफरकडेच वळले. सरांनी शांतपणे त्यांचं मनगट टार्गेटकडे फिरवलं, पिस्तूल काढून घेतलं आणि हातात बाटली दिली. "साहेब, ह्येच्यावांगडा फोटो काढूया." गावभर तोच फोटो फिरला. मला तर सर त्या दिवसापासून देवमाणूस वाटतात.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कसलंच काम सुरू होत नाही. पहिल्या सराव स्पर्धेला ते ज्योतीच्या वडिलांनीच घातलं, "बा देवा महाराजा, ह्या पोरांचो नेम भलतीकडे जाव देव नको रे महाराजा." सगळे म्हणाले, "होय महाराजा!" मग सरांनी हुकूम दिला, "लोड." आमची अख्खी रांग एका सुरात, "होय महाराजा!" माझा छर्रा शेजाऱ्याच्या टार्गेटवर.

सर म्हणाले, "हयसर महाराजा कोण नाय. हयसर फक्त मी." तेव्हापासून रेंजवर त्या दोन शब्दांना बंदी.

मग जिल्ह्याची निवड स्पर्धा आमच्याच शेडमध्ये आली. जिंकणारी एकच मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. ज्योतीला दुसरं काही सुचत नव्हतं. क्लबच्या पिस्तुलावर रोज पहाटे येऊन तिने हात बसवला होता. शेवटच्या छऱ्यापर्यंत ती पुढे होती. नुसता बरा लागला असता तरी चाललं असतं.

तिने हात उचलला, आणि वडील प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीखालून वाकून थेट टार्गेटकडे निघाले. हातात नारळ. लेकीच्या शेवटच्या नेमाआधी टार्गेटशेजारच्या देवाच्या तसबिरीसमोर ठेवायचा राहिला होता म्हणे!

पंच ओरडायच्या आत ज्योतीचा हात खाली आला होता. तिने छर्रा काढला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मागे सरकली. पंचांनी वडिलांना बाहेर काढलं, तिला वेळ वाढवून दिली. पण एकदा मोडलेला नेम परत जुळला नाही. छर्रा कडेला लागला आणि दुसरीच मुलगी निवडली गेली.

वडील नारळ घेऊन कोपऱ्यात उभे, मान खाली. मला रडू आवरेना. ज्योती त्यांच्याजवळ गेली.

"फोडा नारळ, बाबा. कोणाक काय एक झाला नाय."

मग मागून फर्नांडिस सरांचा आवाज आला, "होय महाराजा."