रत्नागिरीच्या वाळूतले डावे शंख

समुद्र पाहावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. कोल्हापुरात रंकाळा आहे, वाऱ्याच्या दिवशी त्याला लाटाही येतात. माणसाला आणखी किती पाणी लागतं? पण आमच्या प्रोफेसरसाहेबांना समुद्राच्या वाळूतल्या, मोहरीहूनही बारीक अशा जिवांवर निबंध लिहायचा होता. हे जीव अंगाभोवती चुन्याचे शंख बांधतात आणि शंखाच्या भोकांतून केसाहून बारीक धागे बाहेर सोडतात. ते धागे जीव जिवंत असेपर्यंतच दिसतात, म्हणून कोणीतरी किनाऱ्यावर बसून सूक्ष्मदर्शकातून चित्रं काढायला हवी होती. साहेबांना स्वतः जायला काहीच अडचण नव्हती. फक्त बैलगाडी सोसत नव्हती, कोकणातलं पाणी बाधत होतं आणि माशांचा वास आवडत नव्हता.

मी हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. पोरांकडून वर्षानुवर्षं एकच घडा गिरवून घेतो. महाराजांना चित्रकारांचं कौतुक आहे आणि पैलवानांचंही, पण पैलवानांची रांग जरा लांब असते. साहेब म्हणाले, "चित्रं बिनचूक आली तर दरबाराकडे शिफारस करतो. मुंबईला चित्रकला शिकायला जाल. शिवाय प्लेटखाली तुमचं नाव छापू." मुंबईसाठी मी समुद्राच्या तळाशीही जाऊन राहिलो असतो.

सोबतीला दस्तगीरभाई होते. त्यांचा शिळाछापखाना आहे, म्हणजे दगडावर चित्र उतरवून छापायचा कारखाना. लग्नपत्रिका आणि देवादिकांच्या तसबिरी छापतात. माझ्या प्लेटा त्यांच्याच दगडावर चढायच्या होत्या, आणि त्यांची बहीण रत्नागिरीत दिलेली, म्हणून गाडी त्यांनीच काढली. तुम्ही भाड्याने गाडी करणार असाल तर जाऊन-येऊनचं ठरवूनच निघा. आंबा घाट उतरला की गाडीवानाला एकदम बैलांची दया येऊ लागते.

मलकापूरपर्यंत रस्ता बरा आहे, म्हणजे रस्ता आहे हे कळतं. धर्मशाळेत मुक्काम फुकट, ढेकूणही फुकट. तिथे शाहूवाडीकडचे एक शेतकरी माझी पेटी बघून म्हणाले, "पावणं, ह्यात काय हाय?"

"वाळूतले किडे बघायचं यंत्र."

"किडं बगाया यंत्र लागतंय व्हय? आमच्यात तांदूळ निवडाय बसा की!"

सगळी धर्मशाळा हसली. दस्तगीरभाई सगळ्यांत मोठ्याने हसले.

घाटात गाडीतून उतरून चाला. निसर्गशोभेसाठी नव्हे, गाडीचं चाक कड्यापासून किती लांब आहे ते गाडीत बसून दिसतं म्हणून. वाटेत दस्तगीरभाईंनी मला त्यांची कला समजावली. दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, आरशात दिसतं तसं. मग कागदावर सुलटं उमटतं. "तसंच्या तसं काढलं की गणपतीची सोंड फिरती," ते म्हणाले. "मग गिऱ्हाईक दुकानात यून बसतंय."

रत्नागिरीत त्यांच्या बहिणीने तांदळाची भाकरी, तिरफळ घातलेलं माशाचं कालवण आणि वर सोलकढी वाढली. मी काय खाल्लं आणि कोणाच्या ओसरीवर बसून खाल्लं, हे कृपा करून आमच्या गल्लीत सांगू नका. तिसऱ्यांदा भात घेतला एवढं मात्र खरं.

मग ओहोटीला ओली वाळू आणली, बशीत समुद्राचं पाणी घेतलं, काचेला डोळा लावला आणि माझी टवाळी जागच्या जागी बंद पडली. एकेक शंख म्हणजे खोलीला लागून खोली, प्रत्येक आधीच्या खोलीपेक्षा थोडी मोठी, आणि भिंतींना जाळीदार भोकं. इतकं नेटकं काम मी कुठल्याही देवळावर पाहिलं नव्हतं. भोकांतून ते धागे हळूच बाहेर येत, वाळूचा कण चाचपत आणि आत जात. मी जेवण विसरलो. त्यातली एक जात फार देखणी, आणि तिचे सगळे शंख डावीकडे वळलेले. मी पुन्हा पुन्हा वाळू बदलून पाहिली. सगळे डावे.

दस्तगीरभाईंनीही काचेतून पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, एकबी उजवा न्हाय? देवघरात तर उजव्या शंखाला मान असतोय."

"ह्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही," मी म्हणालो.

परतीचा प्रवास तोच, फक्त घाट चढणीचा आणि ढेकूण ओळखीचे.

चित्रं दगडावर चढली. पहिला छाप थेट साहेबांकडे गेला, आणि साहेबांनी मला निरोप धाडून बोलावलं. ते आनंदाने खोलीत फेऱ्या घालत होते. "मास्तर, सगळे उजव्या वळणाचे! दक्षिणावर्ती! कोकणचा अख्खा किनारा दक्षिणावर्ती! मुंबईच्या विद्वानांना कळवूनसुद्धा टाकलं." एरवी हे गृहस्थ पोथ्यापुराणांना हसतात.

मी छाप पाहिला. जाळी, भोकं, धागे, सगळं तंतोतंत होतं. फक्त सगळे शंख उजवे झाले होते.

"साहेब, मी डावे काढले होते. दगडावर उलटवायचे राहिले आहेत."

"तुम्ही डावे पाहिलेत, कारण सूक्ष्मदर्शक उलटं दाखवतो," साहेब प्रेमाने म्हणाले. "शास्त्र आहे ते. छापात सुलटं झालं."

मी छाप उचलला आणि त्यांच्यासमोर खालचा भाग वर करून धरला. शंख डोक्यावर उभे राहिले, पण वळण उजवंच राहिलं. सूक्ष्मदर्शक एवढंच करतो. डाव्याचं उजवं करायला आरसा लागतो. साहेबांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवून पाहिला. त्यांना कळलं. ते हुशार आहेत, हीच तर पंचाईत.

"शिफारस लिहून तयार आहे," ते शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सही तेवढी राहिली आहे. तुम्हाला नक्की काय दिसलं, ते नीट आठवून उद्या सांगा."

मी तडक छापखान्यात गेलो. दस्तगीरभाईंना असली चूक झोपेतही झाली नसती, म्हणून मी चांगलाच तापलो होतो.

"दस्तगीरभाई, शंख का फिरवले?"

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "फिरवलं न्हाईत, मास्तर. तसंच्या तसं उतरलं, मग आपसूक फिरलं. तुमच्या कामाला डावं कशाला लावायचं म्हटलं? मुंबईचं काम फत्ते व्हाया पायजे हुतं. तुमच्यात उजवा शुभ असतोय न्हवं?"

माझ्या सख्ख्या नातेवाइकांनी मुंबईच्या गोष्टीला नाकं मुरडली होती, आणि हा माणूस माझ्या धर्माचा शकुन माझ्यासाठी सांभाळत बसला होता. माझा राग कुठे गेला कळलं नाही.

"चुकलं काय?" त्यांनी विचारलं.

"शंख डावेच आहेत, दस्तगीरभाई."

त्यांच्या लक्षात आलं. "मंग दगड घासतो की! रातीत दुसरं काढतो."

"साहेब घेणार नाहीत. त्यांनी मुंबईला कळवलंय." मी दगडापाशी गेलो. खालच्या कडेला माझं नाव होतं, छापात सुलटं यावं म्हणून नीट उलटं लिहिलेलं. "एवढं नाव काढा."

"आन् मुंबई?"

"राहू दे."

त्यांनी माझ्याकडे न बघता नाव खरवडून काढलं.

साहेबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं की मला जे दिसलं ते डावंच होतं. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाची स्तुती केली आणि शिफारस आपल्या भाच्याच्या नावाने केली. भाचा फुलदाणी बरी काढतो. निबंधाची मुंबईत वाहवा झाली म्हणतात. मी पुन्हा हायस्कुलात घडा शिकवतो आहे. मला मुंबई हवी होती, अजूनही हवी आहे. उगाच थोरपणाचा आव आणत नाही.

तुम्ही रत्नागिरीला जाल तेव्हा घाटात चाला, भात पोटभर खा आणि कोणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर मागून घ्या. ओहोटीची चिमूटभर वाळू काचेखाली धरा. छापील निबंधात काहीही असो, त्या देखण्या जातीचे शंख डावीकडे वळलेले दिसतील. ते मी तसेच काढले होते.