नॅझचं कंजूष मशीन

नॅझ मिफसूदच्या मशीनला आमच्या सनशाइन उपनगरात 'काळीजफोड्या' म्हणतात. नॅझला त्याचा राग येत नाही. कोणी तोंडावर म्हटलं तर गालातल्या गालात हसतो आणि पट्टे आवळायला वाकतो. माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान त्याच्या शेडला लागून आहे. मध्ये फक्त एक पत्रा, आणि शेजारधर्म माझ्या अंगात जरा जास्तच मुरलेला. त्यामुळे कोणाच्या गाडीत दम किती आणि बढाई किती, हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं.

मशीन म्हणजे डायनो. जमिनीत बसवलेले जाड रोलर. त्यांवर गाडीची मागची चाकं चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची, पुढे माणूस उडेल असा पंखा लावायचा आणि मग पाय दाबायचा. गाडी जागची हलत नाही, नुसती किंचाळते, आणि चाकांपर्यंत किती किलोवॅट पोचले ते पडद्यावर येतं. तरणीताठी पोरं वर्षभराची कमाई टर्बोत घालतात, गाडीवाल्यांच्या क्लबात आकडे फेकतात आणि छाती काढून नॅझकडे येतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जाताना तोंडं कारल्यासारखी.

रस्त्याच्या त्या टोकाला दुसरा एक डायनोवाला आहे. त्याचं मशीन दिलदार. तिथे प्रत्येकाची गाडी पंधरावीस किलोवॅट जास्तच देते. पोरं आकडा काढायला तिकडे जातात आणि इंजिन नीट करून घ्यायला नॅझकडे येतात. एकच गाडी दोन आकडे कसे देते, याचं कोडं मला फार दिवस सुटत नव्हतं. शेवटी विचारलंच.

"शेजारणी, तुला सीट शिवायला सुई पुरत नाही का? सगळीकडे टोचतेस ती," नॅझ म्हणाला. पण मग त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला लोंबणारी एक बारीक तार दाखवली. टोकाला काडेपेटीएवढी डबी. ती खोलीतली हवा किती गरम आहे ते मशीनला सांगते. गरम हवा विरळ, तिच्यात इंजिनाला ओढ कमी मिळते, म्हणून उन्हाळ्यात मशीन गाडीवर दया करून थोडं वाढवून देतं. "आता ही डबी रेडिएटरपाशी टांगली, तर मशीनला वाटतं खोलीला आग लागलीय. मग दया जास्त."

"आणि तू कधी टांगत नाहीस?"

"मी सकाळी दाढी करतो तेव्हा आरशात बघावं लागतं गं मला."

तसा तो संत वगैरे नाही. पत्त्यांत लबाडी करतो, आणि डोरिस, म्हणजे त्याची बायको, आम्हा दोघांसाठी गरम पास्तिझी, म्हणजे चीज भरलेल्या करंज्या, पाठवते त्यातल्या माझ्या वाटच्याही खातो. पण कामाला बसला की वेगळाच माणूस. इंजिनाला एक छोटा माइक चिकटवतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि डोळे मिटून ऐकतो. ठिणगी जरा जास्तच लवकर पडली, तर डब्यात चणे खुळखुळल्यासारखा आवाज येतो म्हणे, आणि तो ऐकू आल्यावरही जो थांबत नाही त्याच्या पिस्टनला भोक पडतं. मी एकदा हेडफोन लावून बघितले. मला नुसता गोंगाट ऐकू आला आणि दिवसभर कान दुखले. त्याची स्वतःची गाडी एक मरतुकडी पांढरी हॅचबॅक आहे. तिचे किती किलोवॅट, असं विचारलं तर म्हणाला, "डोरिस तरी कुठे वजनकाट्यावर उभी राहते?"

हे सगळं त्याला शिकवलं स्पिरू कामेन्झुलीनं. दोघं माल्टाहून आलेल्या घरांतले, ट्रकच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून ब्रेक बसवायचे. कारखाना बंद झाल्यावर नॅझनं हे मशीन घेतलं आणि स्पिरूनं एक जुनी व्ही-एट स्टेशन वॅगन. ती तो आजतागायत सुधारतोच आहे. आधी कॅमशाफ्ट, मग सुपरचार्जर, मग नवा कॉम्प्युटर. चाकांवर तीनशे किलोवॅट आणायचे, हा त्याचा ध्यास.

पण आता स्पिरूचे डोळे गेलेत. अगदी मिट्ट काळोख नाही, पण समोर बघितलं की मधोमध धूर दिसतो म्हणतो. मागच्या महिन्यात त्यानं माझ्या कचऱ्याच्या डब्याला धडक दिली आणि खाली उतरून डब्याची माफी मागितली. मी हसले, पण रात्री झोप आली नाही, कारण त्याच जागी संध्याकाळी शेजारची पोरं स्केटबोर्ड खेळतात. तरी स्पिरू गाडी चालवतोच. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासणीत ठरवू. क्लबातले दोस्त म्हणतात, तुझी नजर म्हणजे गरुडाची. मुलगी मिरेला म्हणते, "बाबा, जरा जपून." आणि स्पिरूनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं: "तीनशे झाले की चावी देईन. त्याआधी मागायची नाही."

शनिवारी सकाळी तो वॅगन घेऊन आला. मागोमाग मिरेला तिच्या गाडीतून. बाप पट्ट्यांशी खुडबुडत होता तोवर तिनं नॅझला माझ्या दुकानात ओढलं.

"नॅझकाका, आज तीनशे आलेच पाहिजेत."

"इंजिन देईल तेवढे येतील."

"ती डबी रेडिएटरपाशी टांगली तर येतील ना? क्लबात सगळ्यांना माहितीय ही युक्ती. काका, तो कोणाचा तरी जीव घेईल. स्वतःचा नाहीतर दुसऱ्याचा."

"मग त्याला तसं सांग की."

"सांगवत नाही हो. तो माझ्याकडे असा बघतो ना..."  नॅझ पत्र्याच्या दारातून निघून गेला. मी अर्थातच मागोमाग गेले. सुई हातातच राहिली होती.

पहिल्या फेरीत दोनशे शहाऐंशी आले. नॅझनं पेट्रोल जरा कमी केलं, ठिणगी जरा लवकर पडेल असं केलं. दोनशे नव्वद. परत थोडं. दोनशे त्र्याण्णव. तो आकडा त्यानं स्पिरूला ओरडून सांगितला. मग आणखी थोडं रेटताना हेडफोन कानावर घट्ट दाबले आणि मान हलवली. चणे खुळखुळले होते. त्यानं ठिणगी पुन्हा दोनशे त्र्याण्णवच्या जागी आणून ठेवली.

"आता किती?" गाडीपासून लांब उभं राहायच्या पिवळ्या रेघेपलीकडून स्पिरू ओरडला. पडदा त्याच्यापासून चार हातांवर होता.

"थांब. इंजिन जरा थंड होऊ दे," नॅझ म्हणाला.

तो पंख्याच्या मागून फिरत गेला, खिळ्यावरची तार काढली आणि रेडिएटरपाशी अडकवली. मला दिसलं. मिरेलालाही. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मला काय वाटलं ते सांगते: मला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होते, लवकर कर बाबा, लवकर कर.

वॅगन पुन्हा किंचाळली. पडद्यावर तीनशे चार.

"तीनशे चार!" मिरेला ओरडली. "बाबा, झाले!" तिनं त्याला मिठी मारली. स्पिरू हसला नाही. त्यानं मान जरा तिरकी केली.

"नॅझ, डबी कुठे टांगलीयस?"

नॅझ पट्टे आवळायला वाकला.

"लेका, डोळे गेलेत माझे, कान नाही. मगाशी जशी ओरडली तशीच ओरडली ती. तोच सूर, तोच दम. मग अकरा किलोवॅट कुठून आले? पंख्यातून?"

साठीचा माणूस, पण नॅझ वर्गात पकडलेल्या पोरासारखा उभा होता. मग त्यानं तार काढून खिळ्यावर टांगली आणि स्पिरूनं न सांगताच आणखी एक फेरी मारली.

"दोनशे त्र्याण्णव," तो म्हणाला.

"हां." स्पिरूनं श्वास सोडला. "चांगलं इंजिन आहे."

"फार चांगलं आहे."

मिरेला रडायच्या बेतात होती. तीनशे झाले नव्हते. चावी अजून बापाच्याच खिशात होती. स्पिरू चाचपत पुढे आला आणि वॅगनच्या छपरावर हात ठेवून उभा राहिला.

"सगळे माझ्याशी गोड गोड बोलतात रे. डॉक्टर, क्लबवाले, ही पोरगी. म्हटलं, नॅझकडे जाऊ, त्याचं मशीन कंजूष आहे. आणि तूही?" तो थांबला. "आता एकच विचारतो, मशीनला विचारावं तसं विचारतो. मी गाडी चालवावी का?"

नॅझनं मिरेलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हेडफोन काढून हातात घेतले.

"नाही."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा. आत्ता येताना तू दारातल्या पिवळ्या खांबाला घासून आलास. तुला कळलंही नाही."

स्पिरूनं डाव्या बाजूच्या पत्र्यावरून हात फिरवायला सुरुवात केली. दारापासून पुढच्या चाकापर्यंत. चाकाच्या वर त्याचा हात थांबला. तिथे पत्रा आत गेला होता, रंग उडाला होता. तो बोटांनी तेवढीच जागा पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. नॅझ पंखा बंद करायला विसरला होता, आणि आमच्यापैकी कोणीही तो बंद केला नाही.

"बाबा, तीनशे झाले नाहीत," मिरेला म्हणाली. घाबरून माणूस काहीही बोलतो.

"नाही झाले," स्पिरू म्हणाला, आणि खिशातून चावी काढून त्यानं तिच्यापुढे धरली. पण ती उभी होती तिथून हातभर बाजूला. मिरेला आवाज न करता हातभर सरकली, आणि तिनं चावी घेतली.