घडीमावशीची राखीव पॅराशूटं

माझी मावशी राखीव पॅराशूट बांधायची. हौशी लोक विमानातून उड्या मारायला येतात त्या मैदानावर, गवताच्या धावपट्टीशेजारी पत्र्याची शेड होती. तिथल्या लांबलचक टेबलावर ती कापड पसरायची, एकेक दोरी सरळ करायची आणि गुडघे टेकवून घडीतली हवा काढायची. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. चुकून दिलीच, तर सगळं उलगडून पहिल्यापासून सुरू. सगळे तिला घडीमावशी म्हणायचे. याच खाक्यापायी तिचं लग्न मोडलं, असं आई म्हणते. मला पटत नाही, पण बिचारा नवराही बराच काळ हाका मारत बसला असणार.

मुख्य पॅराशूटने दगा दिला तर राखीव उघडायचं. तशी वेळ क्वचितच येते, म्हणून इतक्या वर्षांत मावशीच्या कामाचं कुणी नाव काढलं नाही. मुख्य पॅराशूटं मॅनेजरचा मेहुणा बांधायचा, मानेत फोन धरून, हसत-खिदळत. मी तिथेच कॅन्टीन चालवते, सगळं डोळ्यांसमोर होतं.

त्या रविवारी एका नर्सच्या मुख्य पॅराशूटला वरच पीळ पडला. तिने ते सोडून दिलं, राखीव उघडलं आणि बाई धडपडत का होईना, धडधाकट उतरली. अशा वेळी आमच्या मैदानावर एक रीत आहे: ज्याचा जीव वाचला, त्याने राखीव बांधणाऱ्याला केक आणून द्यायचा. मी तर बश्याही धुऊन ठेवल्या.

आणि मॅनेजरने काय करावं? मेहुण्यावर शेकू नये म्हणून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पॅराशूट बांधणाऱ्या बाईचा हलगर्जीपणा. आजच काढून टाकलं तिला." मेहुणा स्वतःचे बूट बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी नर्स केक घेऊन आली आणि तो दिला मॅनेजरला! वर असल्या बाईला काढलं म्हणून त्याचे आभारही मानले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो ताई," मी काउंटरमागूनच ओरडले, "तुमच्या पाठीवर दोन पॅराशूटं होती. अडकलं ते याच्या मेहुण्याने बांधलेलं. उघडलं ते माझ्या मावशीचं. आणि केक कुणाला देताय?"

"तू चहा बघ," मॅनेजर म्हणाला.

"चहा गेला चुलीत!"

नर्सने मॅनेजरच्या हातातून केक परत घेतला आणि माझ्याबरोबर मावशीच्या घरी आली. मावशी मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. नर्सने रडत माफी मागितली. "मी त्यांना सांगते, तुम्हाला परत घ्यायलाच लावते."

"तो नाही घेणार. मेहुणा घरचा आहे, मी कोण?" मावशीने मशीन थांबवलं. "तू पुन्हा उडी मारणार आहेस?"

"मारू ना?"

"मार की. शेडमधली बाकीची राखीव पॅराशूटं माझ्याच हातची आहेत. सहा महिन्यांनी सगळी उलगडून नव्याने बांधावी लागतात. तोवर खुशाल जा," मावशी म्हणाली. "पुढची मेहुणा बांधेल."