गोऱ्या बायकांचा अल्बम

आमच्या आत्याला कुठलीच गोष्ट उघडी ठेवलेली बघवत नाही. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, मिक्सरला फुलाफुलांचं कव्हर, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर आणखी एक जुनी चादर. तेव्हा पुण्याच्या कला महाविद्यालयात मुलाखतीला माझी चित्रं कशी न्यायची, हा विषय तिच्यासमोर काढलाच कशाला, असं मला आजही वाटतं.

मी मूळची करकंब गावची. सोलापुरात शिकायला आत्याकडे राहायचे, नवी पेठेच्या मागच्या बोळात. मुलाखतीत चित्रं पसंत पडली तर प्रवेश, नाहीतर घरचे स्थळं बघायला मोकळे, असं वडिलांनी बजावलं होतं.

चित्रं सगळी कोळशाची होती. श्रीपूरच्या कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या बायका, करकंबच्या बाजारातल्या म्हाताऱ्या. आणि एक आत्या. दुपारची जमिनीवर आडवी झालेली, तोंड अर्धवट उघडं, डोळ्यांखाली काळं, मानेला वळ्या. ते माझं सगळ्यात चांगलं चित्र होतं. काळा रंग किती तऱ्हांचा असतो, ते मी आत्याचा चेहरा काढताना शिकले.

मला साधा पुठ्ठ्याचा फोल्डर हवा होता. आत सुटे कागद, हातात घेऊन बघता येतील असे.

"सुटं कागद घिऊन जाणार व्हय? रद्दीवाली वाटशील की," आत्या म्हणाली. "झ्याक अल्बम करू. लग्नात करत्यात तसा."

मी नको म्हणाले. परत नको म्हणाले. शेवटी ओरडले. ती चहा टाकायला उठली तेव्हा मला वाटलं, जिंकले.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर तिनं माझ्या मांडीवर अल्बम ठेवला, फोटो स्टुडिओतून माझ्या चित्रांचे फोटो काढून करून आणलेला. लाल मखमली कव्हर, उशीसारखं गुबगुबीत. पहिल्या पानावर माझा फोटो आणि चारी कोपऱ्यांत गुलाबाच्या पाकळ्या. मी पान उलटलं. सगळ्या बायका गोऱ्या झाल्या होत्या. ऊन खाऊन करपलेली गालफडं गुळगुळीत, सुरकुत्या गायब, नाकाच्या जागी नुसती दोन भोकं.

अल्बमच्या मागे छापलेल्या नंबरावर मी स्टुडिओला फोन लावला. "ताई, तुमच्या आत्यांनीच सांगितलं चेहरे उजळा म्हणून. नवरीचं करतो तसंच केलंय," तो माणूस म्हणाला.

"मूळ कागद कुठं आहेत?" मी आत्याला विचारलं.

"आता ते कशाला? स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर घातले."

डाळीचा डबा उचलला. खाली एक म्हातारी होती, तिच्या तोंडावर डब्याचं गोल वळं उमटलं होतं. कोळसा सगळीकडे फासला गेला होता. एकही कागद नेण्यासारखा उरला नव्हता.

"काळं काळं काय दावायचं लोकांना?" आत्या म्हणाली. "मला बगायला यायचे ते चहा पिऊन जायचे आन् मागनं निरोप धाडायचे, रंग जरा कमी हाय. तुला काय कळायचं त्यातलं."

मला कळलं. पण तिची काडीची दया आली नाही.

पुण्यात परीक्षकांनी अल्बम उघडला. पाकळ्या बघून एक बाई म्हणाल्या, "लग्न कुणाचं आहे?" दुसऱ्या गृहस्थांनी दोन पानं उलटली. "सगळ्या एकाच पार्लरमधून आलेल्या दिसतात." मी मूळ चित्रांचं सांगू लागले, तोवर पुढच्या मुलाला हाक गेली होती.

मग ठरल्याप्रमाणे स्थळं. पहिलंच आत्याच्या घरी बघायला आलं. पोरीच्या अंगी कला आहे हे दाखवायला आत्यानं तोच अल्बम मुलाच्या आईच्या हातात दिला. तिनं भराभरा पानं उलटली आणि एका पानावर थांबली.

"ही कोण वो? लई देखणी हाय."

आत्या पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. इतकी लाजलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "मीच की," ती म्हणाली.

त्या बाईनं चित्राकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. अल्बम मुलाकडे सरकवला, तोही हसला. "मंजे पोरीचा फोटो धाडला त्योबी ह्याच स्टुडिओतला म्हणा की," ती म्हणाली. पोहे मात्र दोघांनी संपवले. दोन दिवसांनी निरोप आला. रंग जरा कमी आहे.

त्या दुपारी आत्यानं फळ्यांवरचे सगळे डबे खाली काढले, ते कागद रद्दीत टाकले आणि जमिनीवर आडवी झाली. "काढ परत," ती म्हणाली. "हाय तशी."

मी काढलं. काहीही सोडलं नाही, उलट मानेच्या वळ्यांवर कोळसा जास्तच दाबला. एकही स्थळ जुळलं नाही, तेव्हा पुढच्या वर्षी वडिलांनी परत मुलाखतीला पाठवलं, आणि प्रवेश मिळाला तो सुट्या कागदांतल्या याच चित्रावर.

पण त्या दुपारी ते आधी आत्यानं पाहिलं. कागद घेऊन ती दाराच्या उजेडात गेली.

"इतकी काळी हाय व्हय गं मी?"

नाही म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं, आणि तिला ते हवंही होतं.

"व्हय, आत्या," मी म्हणाले.